अंगी न लागणारं तेल

आईचे दोन्ही गुडघे बदलायचे, पण आधी वजन उतरवायचं, असं बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं. गुडघे धड असते तर ती चालली असती, चालली असती तर वजन उतरलं असतं. म्हणून त्यांनी दोन उपाय पुढे ठेवले: दर आठवड्याला पोटात टोचायचं इंजेक्शन, नाहीतर जेवणासोबत घ्यायची गोळी. सुईचं नाव काढताच आईने पदर तोंडाला लावला आणि गोळी ठरली. खाल्लेल्यातलं थोडं तेल ही गोळी अंगी लागू देत नाही, ते तसंच बाहेर पडतं. तेव्हा तेलकट बंद, नाहीतर पोट बिघडेल, असं त्यांनी बजावलं. निरवांगीला घरी पोचेपर्यंत भावाच्या डोक्यात यातलं पहिलं निम्मंच उरलं होतं. सोयीचं तेवढंच त्याला ऐकू येतं.

वहिनी बिनफोडणीचं वरण द्यायची, तोवर गोळीने त्रास दिला नाही. मग कंदुरीचं, नवस फेडायचं जेवण आलं. आईच्या गुडघ्यांसाठीच भावाने दर्ग्याला बोकड बोलला होता. आमच्या घरी ज्याच्यासाठी नवस, त्याचं ताट आधी वाढतात, आणि रश्श्यावरची लाल तर्री मानाने त्याच्याच वाटीत. मी नको म्हणत होते.

"आगं, गोळी हाय की," भाऊ म्हणाला. "आजच तर तिचं खरं काम हाय."

कंदुरीचं ताट परत करत नाहीत. आईने गोळी घेतली आणि सगळं खाल्लं.

संध्याकाळी अंगणात पाहुण्यांची शेवटची पंगत बसली होती, तेव्हा तिने घाईने हाक मारली. संडास अंगणाच्या टोकाला. तिला नुसतं उठवायलाच दोघं लागतात. मी आणि भाऊ तिला धरून पंगतीच्या मधोमध पोचलो आणि ती थांबली. लुगड्यावर तेलाचा नारिंगी डाग पसरत गेला. जेवणाऱ्यांनी माना खाली घातल्या. मला भावाचा भयंकर राग आला, पण तोही तिथंच उभा राहून रडत होता.

न्हाणीत मी पाणी ओतत होते. आई म्हणाली, "मला उठवत न्हाय, आन् ही गोळी मला पळायला लावती."

त्या दिवशी गोळी बंद झाली. भीती मात्र गेली नाही. घास घेतला की आई दाराकडे बघायची. चतकोर भाकरी पाण्यात कुस्करून खायची आणि ताट सरकवायची. मी रागावले, भावाने पाय धरले, वहिनीने तेलाची बाटलीच माळ्यावर टाकली. आम्हा तिघांचं तिच्यापुढे काही चाललं नाही.

बारामतीला काट्यावर उभी केली, तर वजन चांगलंच उतरलेलं. गोळी लागू पडली म्हणत डॉक्टर खूश झाले आणि ऑपरेशनचं बघू लागले. ती गोळी घेत नाही, जेवतही नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं. आईने टेबलाखाली माझा हात घट्ट दाबला. मी नुसते ऑपरेशनचे कागद घेतले.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बोलू नगंस. एकदा माझं मला संडासला जाता येऊ दे. मग खाईन."