हातगाडीचा वाहन क्रमांक

माझ्या धाकट्या बहिणीचा मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एक गाळा आहे. विजेच्या पॅनेलमध्ये बसणारे छोटे पितळी भाग तिथे तयार होतात. ते निकेल चढवायला साकीनाक्याला जातात आणि चकचकीत होऊन परत येतात. ही ने-आण तिच्या सासऱ्यांच्या काळापासून एकच माणूस हातगाडीवर करत होता. मूळ गाव बीडकडे, घर जोगेश्वरीत. गाळ्यातले सगळे त्याला मामा म्हणतात.

गेल्या वर्षी हे भाग विकत घेणाऱ्या कंपनीने पुरवठादारांसाठी एक ॲप आणले. माल कुठून निघाला, कोणत्या वाहनाने गेला, वाटेत किती धूर झाला, हे सगळे त्यात भरायचे होते. पुरवठा साखळी हरित करणे हा उद्देश पत्राच्या पहिल्या परिच्छेदात होता. माहिती न भरणाऱ्यांच्या ऑर्डरी थांबतील, हे शेवटच्या परिच्छेदात होते. गाळ्यातले पगार या एकाच कंपनीच्या ऑर्डरवर चालतात. पत्र इंग्रजीत होते म्हणून बहिणीने मला बोलावून घेतले.

वाहनांच्या यादीत ट्रक होता, टेम्पो होता, तीनचाकी आणि दुचाकी होती. हातगाडी नव्हती. वाहन क्रमांक भरल्याशिवाय ॲप पुढे सरकत नव्हते.

"दादा, नुसतं शून्य टाकून बघ ना."

टाकले. घेतले नाही.

मामा दारात क्रेट रचत होता. "माझ्या पाठीवर रंगवा ना नंबर, ताई. एमएच झीरो टू."

"गप बसा हो मामा. इथे माझी वाट लागलीय आणि तुम्हाला मस्करी सुचतेय."

शेवटी तिने नवऱ्याच्या स्कूटरचा क्रमांक टाकला. रकाना मागेल ते द्यायचे आणि माल बाहेर काढायचा, ही या वसाहतीतली रोजची रीत आहे. त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. ॲपला तो क्रमांक चालला. त्यानंतर मामाची प्रत्येक फेरी स्कूटरच्या नावावर चढत गेली.

काही महिन्यांनी कंपनीच्या सल्लागाराचा फोन आला. बहिणीने तो स्पीकरवर टाकला.

"मॅडम, तुमची टू-व्हीलर एवढं पितळ घेऊन एवढ्या फेऱ्या मारते? तुमचा कार्बन लाल पट्ट्यात गेलाय."

"अहो, स्कूटर आमच्या बिल्डिंगखाली उभी असते. माल हातगाडीवर जातो. धूर निघतो तो फक्त मामांच्या बिडीचा."

तोही हसला. मग म्हणाला, "हातगाडी ट्रॅक होत नाही ना, मॅडम."

"मग स्कूटर काढून टाका त्यातून."

"आता काढली तर खोटी माहिती भरली असं होईल. तुमचा सप्लायर कोड ब्लॉक होईल, ऑर्डरी बंद. त्यापेक्षा इलेक्ट्रिक तीनचाकी लावा. आकडे एकदम झकास येतील."

तिने तीनचाकी लावली. भाड्याची, ट्रॅकर बसवलेली.

मामाला हे तिनेच सांगितले. त्याने आधी विचारले, "लायसन काढू का, ताई?"

"चालवणारा गाडीबरोबरच येतो, मामा. बाकीच्या गाळ्यांचं काम आहे ना तुम्हाला?"

"त्यांची पण कंपनी तीच आहे."

मामाने त्या दिवशीचा माल नेहमीसारखा पोहोचवला.

वर्ष संपताना अंधेरीच्या एका हॉटेलात कंपनीचा कार्यक्रम झाला. पडद्यावर बहिणीच्या गाळ्याचे दोन खांब दाखवले, आधीचा उंच आणि नंतरचा ठेंगणा. उंच खांब स्कूटरच्या धुराचा होता. जो धूर कधी निघालाच नाही, तो कमी केल्याबद्दल तिला प्रमाणपत्र आणि कुंडीतले रोप मिळाले. हातगाडीच्या वर्षांचा खांब काढला असता तर तो दिसलाच नसता, आणि तीनचाकीचा त्याहून उंच दिसला असता. टाळ्या चालू असताना बहीण माझ्या कानाशी म्हणाली, "दादा, इथे खरं बोलले तर हे रोप काढून घेतील रे." ती हसली नाही. फोटोसाठी मात्र उभी राहिली.

निकेल चढवण्याचा कारखाना साकीनाक्याच्या एका गल्लीत बराच आत आहे. तीनचाकी त्या गल्लीत शिरत नाही. चालक तोंडाशी थांबतो आणि माल पोहोचला अशी मोबाईलवर नोंद करतो. तिथून आत क्रेट मामाच नेतो, त्याच हातगाडीवर. पैसे तेवढ्या गल्लीपुरते मिळतात. तीनचाकी कधी येईल हे त्याला कोणी कळवत नाही, म्हणून तो सकाळपासून तिथे बसून असतो.

मागच्या आठवड्यात त्या बाजूला गेलो होतो. तीनचाकी नुकतीच आली होती.

"किती उशीर रे?" मामा म्हणाला.

"सिग्नलला अडकलो. चल मामा, उचल पटापट." चालक खाली उतरला नाही.

मामाने क्रेट हातगाडीवर चढवले, दोरी आवळली आणि मला विचारले, "तुम्ही पेपरात होता ना? ही गल्ली रुंद करायचं काही चाललंय का हो?"

माहीत नाही, असे मी सांगितले. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर पालिकेच्या लाल खुणा होत्या. त्यांच्यामधून त्याने गाडी आत नेली.