आबांच्या ओसरीवरचं पाणी

सीतारामआबांच्या ओसरीवर पाय ठेवला की आधी पाणी प्यावं लागे. कितीही घाई असली, तरी आपण तोंड उघडलं की आबा हात वर करत. "पेल्याबिगर बोलायचं नही." मग सून पितळी तांब्या आणून ठेवी आणि तो रिकामा होईपर्यंत आबा समोरच्याच्या गळ्याकडे बघत बसत. तलाठी असो की केळीचा व्यापारी, सुटका कोणाचीच नव्हती.

त्याला कारण होतं. सावद्याजवळचं हे गाव केळीचं. बागांनी विहिरी पार तळाला नेल्या होत्या आणि उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन शेतं पालथी घालत. आबा सरपंच झाले, तेव्हा त्यांनी आपल्या बागेचा कोपरा गावाला दिला, तिथे खोल बोअर घेतली, टाकी बांधून घेतली. पाणी लागलं त्या दिवशी ते भर रस्त्यात नाचले म्हणे. मी आरोग्यसेविका म्हणून तिथे गेले, तेव्हा गल्लोगल्ली नळ आले होते. लसी, बाळंतिणी, पाण्याचे नमुने ही माझी कामं. आणि दर फेरीला आबांचा तांब्या.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका मे महिन्यात जिल्ह्याहून साहेब आले. आधी मुंबईची काही माणसं बोअरचं पाणी बाटल्यांत भरून तपासायला घेऊन गेली होती. त्याचा निकाल साहेबांनी पंचायतीसमोरच्या कडुलिंबाखाली सांगितला. पाण्यात युरेनियम आहे, असावं त्यापेक्षा बरंच जास्त. खोल खडकातून ते पाण्यात उतरतं; गावच्या जुन्या उथळ विहिरीत ते नाही. अंघोळीला, धुण्याला चालेल, पण पिऊ नका. आज पिऊन उद्या काही होणार नाही. वर्षानुवर्षं प्यालात तर मूत्रपिंडं बिघडू शकतात.

"बॉम्बात घालतात तेच का?" मागून कोणीतरी विचारलं आणि गलका उठला. एक म्हातारा उभा राहिला. "आबा, इतकं खोल जायले कोनी सांगितलं होतं? पाताळ उकरून ठेवलं तुमी."

आबा एकदम उठले. त्यांनी नळाखाली तांब्या धरला, सगळ्यांच्या देखत घटाघटा प्याले आणि तांब्या उलटा करून दाखवला. "मले काही झालं? ज्याले भेव वाटते त्यानं नका पेऊ."

गाव निर्धास्त झालं, मी नाही.

दुसऱ्या दिवशी नळांवर पहिल्यासारखीच रांग होती. पिऊ नका, ही खूण म्हणून मी नळांना तांबडा रंग फासला. त्याच नळांखाली हंडे लागले. कबूल केलेला टँकर कधी येई, कधी नाही. ज्यांना धास्ती होती, त्या बायका पाणी उकळून गार करत. मी घरोघर सांगत हिंडले, की उकळून जंतू मरतात, धातू मरत नाही; उलट पाणी आटतं आणि तो आहे तेवढाच राहतो. उत्तर ठरलेलं असे. "आबा पेले ना?"

शेवटी मी आबांकडेच गेले. सुनेने सवयीने तांब्या आणून ठेवला. मी हात लावला नाही.

आबांनी हात वर केला. "पेल्याबिगर..."

"नाही पिणार, आबा. आज न पिताच बोलते."

त्या ओसरीवर असं कोणी म्हटलं नव्हतं. आबा तांब्याकडे बघत राहिले. "नर्सबाई, माह्या दारातून अजून कोनी तहानलेलं गेलं नही."

"तुम्ही प्यालात म्हणून सगळं गाव पितंय. तुमची नातसुद्धा."

आत सून तान्ह्या मुलीला वाटी-चमच्याने पाणी पाजत होती. ती घाईने म्हणाली, "उकळलेलं हाये, मामाजी." आबांनी तिच्या हातातली वाटी घेतली, मोरीत रिकामी केली आणि बाहेर निघून गेले.

त्याच आठवड्यात त्यांच्या धाकट्या मुलाची सुपारी फोडायला जामनेरचे व्याही आले. उन्हाने पोळलेली माणसं ओसरीवर टेकली. निम्मं गाव बघायला जमलं होतं, मीही होते. हातपाय धुवायला पाणी आलं, प्यायला येईना.

"जुन्या विहिरीवर गाडी गेली हाये. थांबा जरा," आबा म्हणाले.

"नळ तं दारातच हाये," व्याही म्हणाले. "का आमच्यासाठीच बंद?" त्यांनी टोपी उचलली. "जिथं पान्यासाठी बसवता, तिथं पोर कशी द्याची?"

सोयरीक मोडली असंच सगळ्यांना वाटलं. आबा उभे राहिले. बोलत होते व्याह्यांशी, पण तोंड गावाकडे होतं.

"ते पानी चांगलं नही. त्या दिवशी मी रागानं पेलो. मानूस खोटं बोलते ना, तसा मी खोटं पेलो. तुमची पोर ह्या घरात येनार. तिले मी ते पाजनार नही, म्हनून तुमालेही नही."

व्याह्यांनी टोपी मांडीवर ठेवली. "मंग येऊ द्या गाडी."

गाडी आली. सकाळीच मी त्या विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली होती. व्याह्यांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "दवाखान्याचा वास येते हो याले." पण तांब्या त्यांनी संपवला.

पिण्याचे हंडे नळांवरून उठले ते त्या दिवसापासून. गावाने जुन्या विहिरीचा गाळ काढला, पाळ्या लावल्या. आबांना बोलणी मात्र बसली. भर रस्त्यात एक म्हातारी म्हणाली, "डोक्यावरचा हंडा तुमीच उतरवला आबा, अन् तुमीच चढवला." आबा म्हणाले, "व्हय अक्का. चढवला." पुढच्या वर्षी ते निवडणुकीला उभे राहिले नाहीत, नदीवरून पाणी यावं म्हणून जळगावच्या कचेऱ्यांत खेटे मात्र घालत राहिले.

काही वर्षांनी नदीचं पाणी आलं, त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी अंथरूण धरलं. बोअरच्या पाण्यानेच गेले का, असं लोक अजून मला विचारतात. मला माहीत नाही. वयही झालं होतं. शेवटच्या दिवशी मी नाडी धरून बसले होते. थोरल्या मुलाने चमच्याने पाणी ओठांशी नेलं. आबांनी ओठ घट्ट मिटले. मुलगा गडबडला. सून पुढे झाली आणि त्यांच्या कानाशी वाकली.

"नदीचं हाये, मामाजी."

आबांनी तोंड उघडलं.