खांबावरची छत्रीवाली

“माझ्या बायकोला खांबावरून उतरवायचं असेल, तर आधी तिला विचारा,” असं बाणकाका एकदा साहेबांना म्हणाले होते. साहेब हसले. काका हसले नाहीत.

बाणकाका राज्याच्या रस्तेखात्यात पाट्या रंगवत. इकडे वळा, तिकडे वळा, पुढे वळण आहे. उभ्या आयुष्यात इतके बाण काढले की खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं. स्वतः मात्र घरून शेडमध्ये आणि शेडमधून घरी, नाकासमोर. शेडला एक खिडकी होती, पण तिच्या काचेवर ब्रश पुसून पुसून बाहेरचं जग कधीच दिसेनासं झालं होतं.

वीस वर्षांपूर्वी शाळेसमोर रस्ता ओलांडणाऱ्या माणसाची पाटी लावायची ठरली. नमुना कुठून आणायचा? तेवढ्यात काकू डबा घेऊन दारात आल्या, हातात मिटलेली छत्री. काका म्हणाले, “जरा चालून दाखव.” काकूंनी दाखवलं. तशाच त्या काळ्या रंगात, छत्रीसकट, खांबावर गेल्या. तेव्हापासून बाजारातून येताना त्या खांबाखाली थांबत, वर बघत आणि केस सारखे करत.

मग केंद्राने एका आंतरराष्ट्रीय करारावर सही केली. जगभर रस्त्यांवरच्या खुणा सारख्या हव्यात, म्हणजे परदेशी ड्रायव्हर गोंधळायचा नाही. त्या गावात परदेशी ड्रायव्हर आजवर एकच आला होता, तोही रस्ता चुकून.

करारातल्या माणसाकडे छत्री नव्हती. केंद्राचं पत्र आलं, पाट्या ताबडतोब बदला. राज्याचं पत्र आलं, रस्ते हा आमचा विषय, आम्ही सांगेपर्यंत जुन्या पाटीला हात लावाल तर याद राखा. शेडचा नियम होता की शेवटी आलेलं पत्र खरं. पण ही दोन्ही पत्रं एकाच टपालात, एकाच तारखेची. काकांनी ती उलटून पाहिली, पालटून पाहिली आणि शेवटी दोन्ही पाळली. जुनी पाटी ठेवली आणि त्याच खांबावर, तिच्या डोक्यावर, नवी ठोकली.

नवा माणूस निघाला होता डावीकडे, काकू उजवीकडे. खांबावर नवराबायकोचं वाजलंय, ही बातमी दुपारपर्यंत गावभर झाली. कुणाच्या मागे जायचं ते कळेना, म्हणून अर्धी पोरं घरी परतली आणि बाईंना तसं लेखी कळवलं.

काकू पिशवी आपटतच घरात शिरल्या.

“अहो, माझ्या डोक्यावर कुणाला बसवलंत?”

“केंद्राचा माणूस आहे.”

“त्याला तोंड नाही, अंगावर कपडे नाहीत!”

“करारात नव्हते.”

“आणि हा करार केला कुणी?”

“देशाने.”

“मला विचारलं होतं?”

“अगं, मुख्यमंत्र्यांनाही नव्हतं विचारलं.”

“म्हणजे तुमच्या दादांसारखंच. पाहुण्यांना महिनाभर राहा म्हणायचं दादांनी आणि ओट्यापाशी मरायचं मी! सांगून ठेवते, मला खाली उतरवलंत, तर उद्यापासून डबा त्या बिनतोंड्याकडून घ्या.”

डब्याचं काकांना फारसं काही नव्हतं. पण काकूंचे गुडघे आता धरले होते. रस्ता ओलांडताना त्या काकांचा दंड घट्ट पकडत आणि मधेच थांबत. खांबावर मात्र अजून झपझप चालत होत्या. ती चाल दुसरीकडे कुठेच शिल्लक नव्हती.

आठवड्याने दोन्ही पाट्या काढून शेडमधल्या साहेबांच्या टेबलावर आणल्या गेल्या. एका बाजूला राज्याचे साहेब, समोर राजधानीहून आलेले केंद्राचे साहेब. काका दाराशी उभे.

“करार देशाने केलाय,” केंद्राचे साहेब म्हणाले, “आणि तुमचं राज्य देशातच आहे ना?”

“देशात आहे, खिशात नाही. सही करताना आम्हाला विचारलंत?”

“विचारायची अट नव्हती.”

“मग पाळायची अट कुठून आली? आधी संसदेत कायदा करा, मग बोलू.”

“अहो, तुम्ही पाळलं नाहीत तर जगापुढे मान आमची खाली जाते!”

“आणि पाट्या आम्ही बदलायच्या? वा! लग्न तुमचं, जागरण आमचं!”

दोन तास गेले. चहा तीनदा आला. छत्रीवर कपाचे दोन गोल उमटले. शेवटी दोघांचं एकमत झालं की समिती नेमावी. समिती कोण नेमणार यावर पुन्हा वाजलं, म्हणून ते समितीवरच सोपवलं.

“तोवर माणूस खांबावर लावा,” केंद्राचे साहेब म्हणाले.

“तोवर खांब मोकळा ठेवा,” राज्याचे साहेब म्हणाले. “आणि ही बाई गोदामात टाका.”

“बाईबद्दल आमची हरकत नाही.”

काका पुढे आले. बाहीने चहाचे गोल पुसले. छत्रीवाली उचलली, काखेत मारली आणि खुंटीवरून पाना घेतला.

“अहो, ठेवा ते!” केंद्र आणि राज्य त्या दिवशी पहिल्यांदा एका सुरात ओरडले.

काकांनी पायानेच दार ढकललं, पाटीचा कोपरा चौकटीला लागू नये म्हणून जरा तिरके झाले आणि निघून गेले.