काकांचा कासरा आणि माझी पीएचडी

हसू नका, पण माझ्या संशोधनाची अब्रू एका बैलाने घालवली! तीही भर पोळ्यात, अख्ख्या गावासमोर!

मी नांदेडला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. पीएचडीचा विषय अंबाडीचा वाख, म्हणजे ज्याचे दोर वळतात तो धागा. तो कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवायचा, त्याचा डिंक सुटला की प्लास्टिकमध्ये घालून मजबूत पत्रे करायचे. सोपं आहे हो! भिजवायचा मात्र दोनच तास. जास्त झालं की वाखाचा जीवच जातो.

पोळ्याच्या दोन दिवस आधी मुखेडजवळच्या आमच्या गावी गेलो. दिगंबरकाका म्हणजे गावात दोर वळणारा शेवटचा माणूस. त्यांच्याकडून वाख घेतला, अंगणात बादलीत बुडवला आणि ‘जरा’ बाजारात जाऊन येतो म्हणालो. आठवडी बाजार, शाळेतले मित्र, गरम भजी... जरा म्हणता म्हणता सहा तास!

आल्यावर घाईघाईने वाख धुऊन तारेवर टाकला. त्याच तारेवर काकांनी बैलाच्या कासऱ्यासाठी आपला वाख वाळत घातला होता.

दुसऱ्या दिवशी एसटीची वेळ झाली. तारेवर दोन जुड्या. एक पांढरीशुभ्र, विंचरल्यासारखी. दुसरी मरगळलेली. आता तुम्हीच सांगा, शास्त्रशुद्ध प्रक्रिया केलेली कोणती असणार? चांगली ती माझी! पिशवीत कोंबली आणि निघालो.

कॉलेजात वाख मशीनवर ओढून बघितला, तर तुटता तुटेना! गाईड मॅडम खूश. म्हणाल्या, “हेच समितीपुढे मांडा. पीएचडीची मुदतवाढ मिळालीच समजा.” दोनदा हुकलेली मुदतवाढ! मी हवेत. लगेच काकांना फोन.

“काका, माझा वाख तुटतच नाही!”

“तुझं बरंय मास्तर,” काका हळूच म्हणाले. “माझा कासरा तुटला.”

“काय?”

“भर मिरवणुकीत. हरण्या सुटला, सरपंचाचा मंडप घेऊन गेला. वळताना वाख नरम लागला रे, मला वाटलं चांगलाच भिजलाय. चाळीस वर्षांत असं झालं न्हाई. हात गेले माझे. आता दोर वळणं बंद.”

ती मरगळलेली जुडी डोळ्यांपुढे उभी राहिली. गप्प बसलो असतो तर मुदतवाढ पक्की होती. पण काकांचे हात गेले? माझ्या पाळण्याचे दोर वळले ते हात? मला रडूच आलं हो!

“काका, हात कुठं गेले नाहीत. जुड्या बदलल्या. तुमच्या कासऱ्यातला वाख माझा होता.”

काकांनी विचारलं, “म्हंजे तुझी मशीन माझ्या वाखाला थकली?”

“हाव काका.”

“अन् तुझ्या शिक्षणानं माझा बैल सुटला?”

“हाव काका.”

“मग रडून काय राहिलास? थांब, गावात सांगून येतो!” आणि काका असे हसले की फोन कानापासून लांब धरावा लागला.

मॅडमनाही खरं सांगितलं. बोलणी खाल्ली, पण नव्याने प्रयोग करायला मुदतही मिळाली. काका पुन्हा दोर वळू लागले. फक्त आता मी गावी असताना घरी कुणी पाहुणा आला की ते मला हाताला धरून पुढे करतात.

“हे आमचे मास्तर. वाखावर लई अभ्यास हाय यांचा. बैल मोकळा सोडायचा असला तर यांच्याकडूनच कासरा भिजवून घ्या!”