कासव वर आलं आणि चालत गेलं

देवाशप्पथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे, एखाददुसरा मी घातलाय, पण तोही खऱ्यासारखाच.

आमच्या आत्याचं पावसजवळ, समुद्राला लागून होमस्टे आहे. थंडीत कासवं किनाऱ्यावर अंडी घालायला येतात, म्हणून पाहुणे येतात. कासवं नाही आली, की पाहुणे बॅगा भरतात.

त्या आठवड्यात एकही कासव फिरकलं नाही. कोल्हापूरचे पाटील जेवताना म्हणाले, "काय राव, कासव न्हाई, डॉल्फिन न्हाई! खेकडं बघायला आलोय व्हय? सकाळी निघतो आम्ही."

आत्याचं तोंड एवढंसं झालं. मोसमातले तेवढेच पाहुणे हो! मला बघवेना.

मग पहाटे मी काय केलं? दोन्ही हातांत आत्याच्या सुपल्या घेतल्या आणि पाण्यापासून सुरूच्या बनापर्यंत पोटावर सरपटत गेलो. काय माग उठला म्हणून सांगू! खुद्द कासविणीला वाटलं असतं, 'अगंबाई, मी कधी येऊन गेले?' मग उठलो, वाळू झटकली, घरी येऊन झोपलो.

जागा झालो तर किनाऱ्यावर जत्रा! पाटील फोटो काढतायत, आणि कासवांची घरटी राखणारे इब्राहिमचाचा काठीने वाळू चाचपत अंडी शोधतायत.

"चाचा, कधीकधी अंडी न घालताच परत जातं ना कासव?" मी आपला मदतीला.

"जातं ना. पण समुद्रात जातं रे बाबा. हे वर आलंय. परतीचा माग कुठाय?"

परतीचा माग? कुठून असणार! परत मी चालत आलो होतो की!

चाचांनी खाली बघितलं. कासव जिथे संपत होतं, तिथून माणसाची पावलं सुरू होत होती. थेट आत्याच्या मागच्या दारापर्यंत.

"कासव उचललं कुणीतरी!" चाचा ओरडले.

झालं! फॉरेस्टचे साहेब आले, मागोमाग अख्खा गाव आला. आत्याच्या चुलीवर मोठ्या टोपात काहीतरी रटरटत होतं.

"काय शिजतंय?"

"काळ्या वाटाण्याचं सांबारं हो साहेब!" आत्या रडकुंडीला.

"झाकण काढा."

आता आत्याला गाडीत घालतात म्हटल्यावर मी पुढे झालो.

"साहेब, कासव मी आहे."

कोणी हसलंसुद्धा नाही. साहेब म्हणाले, "करून दाखव."

दाखवलं! भर उन्हात, गावासमोर. साहेबांनी पट्टी लावून दोन्ही माग मोजले. तंतोतंत! मग मला असा झापला, की समुद्रसुद्धा जरा मागे सरला.

चाचा तेवढे हळूच म्हणाले, "चांगलं करतोस रे. मागचे पाय जरा जास्त फाकवतोस, एवढंच."

"मेल्या, कुळाचं नाव काढलंस!" आत्या कडाडली.

आणि पाटील? "एक नंबर! आम्ही ऱ्हातोय अजून!"

आत्या लगेच शांत.

तेव्हापासून ती फोनवर सांगते, "खरं कासव नशिबात असेल तर दिसेल. आमचं घरचं मात्र रोज नाश्त्यानंतर येतं."

पोट सोलवटलंय माझं! कोल्हापूरकर निदान टाळ्या तरी वाजवतात. तुम्ही बसल्या जागी फुकटात बघितलंत. चला, काढा पाकीट. चहा तुमच्याकडून, आणि भजीसुद्धा.