पुठ्ठ्यावरचा तलाव

ॲक्रेलिक रंग शिकवायला लागले तेव्हा मी स्वतः ते कधी वापरले नव्हते. दोन हजार सालानंतरची गोष्ट. सौंदडजवळच्या एका गावात मी सहावी-सातवीला चित्रकला शिकवायची. माझं सगळं शिक्षण जलरंगातलं. आधी फिका हात, मग गडद, आणि पांढरं हवं तिथे कागद कोरा सोडायचा. एकदा हेडमास्तर गोंदियाहून रंग घेऊन आले ते बाटल्यांतले, दह्यासारखे घट्ट.

"सर, हे वेगळे आहेत," मी म्हणाले.

"दुकानदार म्हणे, हे बी पाण्यातच कालवाचे. मंग वेगळे कायचे?"

मलाही ते पटलं. पहिल्या तासाला स्टीलच्या ताटलीत निळा काढला, फळ्यावर लावलेल्या कागदावर आकाश रंगवलं आणि मुलांना समजावत बसले. परत ब्रश बुडवायला गेले तर ताटलीतला रंग वाळलेला. पाणी टाकलं, घासलं, सुटेना. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं नखानं कड उचलली, तर अख्खा निळा सायीसारखा तिच्या हातात आला. वर्गाने टाळ्या पिटल्या. रागवावं की बघत राहावं, मला कळेना.

"मॅडम, असाच निघते का हा रंग?"

"माहीत नाही. बघू."

मग तेच चालू झालं. काही दिवस चित्र काढायचंच नाही, रंग काय करतो ते बघायचं. कुणी त्यात रेती मिसळली, कुणी धानाचं तूस. कुणी जाड थरावरून जुनी फणी ओढली. छपराच्या कवेलूवर, खताच्या पोत्यावर, मिठाईच्या डब्याच्या पुठ्ठ्यावर, दिसेल त्यावर रंग लागले. "मॅडम, हे असं कसं झालं?" असं कुणी विचारलं की मी त्यांच्याइतकीच वाकून बघायची. घरी जाताना डोक्यात गोंधळ असायचा. आज मी शिकवलं ते नेमकं काय?

ताटलीतला निळा सोलणाऱ्या त्या मुलीनं पुठ्ठ्यावर गावचा तलाव काढला. वाळलेल्या निळ्यावर तिनं पांढरी कमळं ठेवली आणि ती तशीच लख्ख राहिली. जलरंगात हे मला कधीच जमलं नसतं. मी चित्र वर्गभर फिरवून दाखवलं. पुढच्या आठवड्यात बघते तर सगळ्यावर मातकट रंग!

"अगं, झाकलंस कशाला?"

"पाणी आटून रायलं ना, मॅडम."

"पण कमळं किती छान होती."

"हायेत ना. खाली हायेत."

ती खोटं बोलत नव्हती. पुठ्ठ्यावरून बोट फिरवलं तर कमळांचे उंचवटे लागत होते. तिनं त्या चिखलात म्हशींचे खूर बोटांनी उमटवले. ते मला कमळांपेक्षाही आवडले. तसं म्हणाले, तर मधेच अवकाळी पाऊस झाला, तलाव भरला आणि तिनं खूरही निळ्याखाली झाकले. "आता थांब," असं सांगावंसं फार वाटलं. पण रंग काय करतो ते बघा, हे मीच सांगितलं होतं.

हेडमास्तर एकदा वर्गात डोकावले. "मॅडम, हिचं चित्र पुरं कधी होणार? मार्क कायचे देणार तुम्ही?"

मी तिलाच विचारलं, तर ती गोंधळली. "कोणत्या चित्राचे, मॅडम?"

वार्षिक परीक्षेच्या आधी तिनं पुठ्ठा आणून टेबलावर ठेवला. सगळा पांढरा. ना पाणी, ना चिखल, ना कमळ. मी बराच वेळ बघत होते. हे धुकं असेल, की उन्हात चमकणारा कोरडा तळ? की तिला सगळं पुसूनच टाकायचं होतं? शेवटी विचारलं, "हे काय आहे गं?"

"काहीच नाई, मॅडम. बाकीचे रंग सरले. पांढराच उरला होता."

वर्ग हसला, तीही हसली. मी पुठ्ठा खिडकीपाशी नेला. तिरप्या उजेडात पांढऱ्याखाली काहीतरी उठून दिसत होतं, पण खूर कुठले आणि कमळं कुठली, मला सांगता येईना.

"पास ना, मॅडम?"

"पास," मी म्हणाले.

तिनं पुठ्ठा उलटा करून दप्तरात सरकवला आणि मैत्रिणींच्या मागे पळाली. श्रेणीच्या रकान्यात मी आधी ब लिहिला, मग खोडून अ केला.