सांगण्याजोगं दुखणं

त्या दुष्काळात माझ्या थोरल्या जावेला रडू यायला लागलं. भाकरी थापता थापता हात थांबायचे, तवा धूर सोडायचा आणि ही चुलीपुढं नुसती टिपं गाळत बसायची. रात्री डोळ्याला डोळा नाही. तिच्या नवऱ्याचं, म्हणजे माझ्या दिरांचंही तेच चाललं होतं. सोसायटीच्या ओट्यावर दिवसभर तोंड पाडून बसायचे, कुणाशी बोलायचे नाहीत. पण त्यांना टेन्शन होतं. टेन्शनला गावात मान असतो, लोक बोलावून चहा पाजतात. जावेला मात्र खूळ लागलं होतं.

सासूबाईंनी मग तिला शहाणं केलं. "रडू येतंय म्हणून कुणी दवाखान्यात जातं व्हय? लोक तोंडावर थुकतील. ओटीपोट दुखतंय म्हण." आमच्या घरात बाईला सांगण्याजोगी दुखणी दोनच होती, कंबर आणि ओटीपोट. बाकीचं अंग कामासाठी.

गेवराईच्या डॉक्टरकडं मीही गेले होते. विचारायचं तिला आणि उत्तर द्यायचं दिरांनी, अशी तपासणी चालली होती. मला राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, ही सारखी रडती. कोरड्या विहिरीच्या काठाला जाऊन बसती."

डॉक्टर हसले. "बायका रडतातच. लेकरं किती?"

"तीन हायती," दीर म्हणाले.

"झालं तर मग. पिशवीला सूज आहे, काढून टाकू."

तिशीही न गाठलेल्या बाईचं गर्भाशय असं बसल्या जागी निकालात निघालं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांत त्याचं नवल नव्हतं. पिशवी गेली की पाळी गेली, पाळी गेली की कामाचा खाडा गेला. शेजारणी भेटायला आल्या त्याही "सुटलीस बाई" म्हणत. मला सगळ्यांचा असा संताप आला, की मी एकीलाही चहा विचारला नाही. माझा राग घरात तेवढाच चालायचा.

टाके वाळले आणि रडू परत आलं. "पिशवी काढली, आता काय काढू?" सासूबाई खेकसल्या. जावेला सांगता येईल असं दुखणं आता उरलं नव्हतं.

दिवाळीनंतर कारखान्याची गाडी आली आणि आम्ही सगळे तोडीला गेलो. एक दिवस मोळी बांधता बांधता ती फडातच खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. तोंडात पदरसुद्धा कोंबला नाही. आमची टोळी आणणारा मुकादम धावत आला.

"काय रं, आजारी बाई कशाला आनलीस?"

"आजारी न्हाई," दीर म्हणाले. "ऑपरेशन झालंय तिचं."

"मग ऊठ की."

ती उठली. मोळी दिरांनीच तिच्या डोक्यावर चढवली.